घरच्या गाड्या धुणारा पंप

मित्रांनो, पत्र्याच्या भोकाला डोळा लावून तुम्ही आत डोकावता आणि "काही नाही बे, भंगार हाय," म्हणत पळून जाता. ते भंगार म्हणजे मी. मी पाण्याचा जुना हातपंप आहे. खामगावात मोटारी धुण्याचा धंदा एके काळी माझ्या दांड्यावर उभा होता, हे आज कुणाला सांगितले तर तो हसेल.

माझ्या जन्माचे मला फारसे आठवत नाही. भट्टीची धग, गवत भरलेले लाकडी खोके आणि जलंब स्टेशनावर गाडी बदलताना हमालांनी दिलेल्या शिव्या, एवढेच ध्यानात आहे. माझे खरे आयुष्य रहेमतुल्लाभाईंच्या हातात सुरू झाले.

रहेमतुल्लाभाई मूळचे बीबी गावचे. चामड्याची पखाल पाठीवर घेऊन ते खामगावात घरोघर पाणी भरत. पखाल त्यांच्या वडिलांची होती. त्या काळी रस्त्यावर मोटारी नव्यानेच दिसू लागल्या होत्या आणि आपली काळी माती तर तुम्हाला ठाऊकच आहे. एकदा चाकाला चिकटली की सुटायचे नाव घेत नाही. मोटारवाले रहेमतुल्लाभाईंना हाक मारून चार पखाली ओतून घेत. तेव्हा त्यांच्या मनाने घेतले, की विहिरीवर पंप बसवावा, दोन दगडी बांध घालून मोटार वर चढवावी आणि खालून, वरून, चोहीकडून धुवावी.

विहिरीकाठची जागा भाड्याने मिळाली. पण बांधकामाला आणि मला विकत घ्यायला पैसा कोठून आणायचा? पतपेढीने व्याज सांगितले. रहेमतुल्लाभाई नमाजी माणूस. व्याज घ्यायचे नाही तसे द्यायचेही नाही, हा त्यांचा नेम. पैशाअभावी बेत बारगळणार, इतक्यात किसनराव भेटले. त्यांच्याकडे उतारू नेणारी एकच सर्व्हिस मोटार होती आणि तीही उतार पाहून ढकलल्याशिवाय सुरू होत नसे.

"व्याज नोको तं नोको," किसनराव म्हणाले. "मी पैसे देतो. मुद्दल तू सवडीनं फेड. मुद्दल फिटेपरेंत माह्या घरच्या गाड्या फुकट धून दे. पंप मातर जाग्यावरून हालवाचा नाही."

रहेमतुल्लाभाईंना आकाश ठेंगणे झाले. विहिरीवर दोघांनी हातात हात दिला आणि गूळ वाटला. रहेमतुल्लाभाईंची बायको नजमुन्निसा पदराआडून म्हणाली, "पण भाऊ, हे कवापरेंत?"

"आता सांगतलं ना वहिनी, मुद्दल फिटेपरेंत!" किसनराव हसले, रहेमतुल्लाभाईही हसले आणि गूळ तोंडात असल्यामुळे पुढे कुणी काही बोलले नाही.

मला चुन्यात आणि दगडात पक्के गाडले. माझ्या पोटातली चामड्याची वाटी वाटेतच फाटली होती. चामडे पाणी धरून ठेवते म्हणून पंप ओढतो. ते गेले की मी नुसता लोखंडाचा ठोकळा. रहेमतुल्लाभाईंनी घरून पखाल आणली, थोडा वेळ मांडीवर घेऊन बसले आणि मग तिच्या पाठीचे चांगले जाड चामडे कापून माझी वाटी केली. "आता पखालीचं काय काम?" असे ते नजमुन्निसाला म्हणाले. मला त्या चामड्याचा फार अभिमान वाटला, मित्रांनो. माझ्या पोटात कुणाच्या तरी वडिलांची वस्तू होती.

पहिला हंगाम काय सुखाचा गेला! माझ्या नळीच्या पितळी तोंडातून अशी धार सुटे, की चाकांवरची माती गोळ्यागोळ्याने गळून पडे. कापसाचे जिनवाले, वकील, डॉक्टर सगळे येत. "पंप मोठा नामी आहे हो," असे म्हणून एका साहेबाने माझ्या डोक्यावर थाप मारली होती. तेव्हा मी शिष्टासारखा उगाचच जास्त पाणी फेकले.

पुढच्या साली किसनरावांना मेहकरच्या रस्त्याचा परवाना मिळाला. एका मोटारीच्या तीन झाल्या. मग रुईच्या गाठी वाहायला लॉऱ्या आल्या. जावयाची मोटार घरचीच, ती आली. व्याह्याची तरी परकी कशी म्हणायची? तीही आली. लग्नसराईत नवरदेवाची मोटारसुद्धा किसनरावांच्या घरची ठरली. सकाळपासून रांग लागे ती त्यांचीच. पैसे देणारे गिऱ्हाईक दुरून रांग पाही आणि मोटार नाल्यात उतरवून धुऊन घेई.

रहेमतुल्लाभाईंच्या तळहातांची सालपटे निघाली. माझा दांडा त्यांच्या हातात असे, म्हणून मला ते सगळ्यांच्या आधी कळले. मी जास्त पाणी दिले तर किसनरावांच्या लॉऱ्या लवकर निघतील, एवढेच माझ्या हाती होते. पण एक निघे तोवर दुसरी येऊन उभी राही. मी चुन्यात रुतलेला आणि ते शब्दात रुतलेले.

पोटाला चिमटा काढून त्यांनी मुद्दलाचा काही भाग जमवला आणि रुमालात बांधून किसनरावांपुढे ठेवला.

"काऊन घाई करून राह्यला रहेमतभाई?" किसनरावांनी रुमाल प्रेमाने परत सरकवला. "असं तुकड्या-तुकड्यानं नोको. एकदमच दे."

रुमाल घरी आला. मग नळी फुटली, मग त्यांची मुलगी बिलकिस तापाने फणफणली आणि रुमाल रिकामा झाला. किसनराव वाईट नव्हते हो. औषधाची चौकशी करायला ते स्वतः आले. पण आले ते मोटार घेऊन, आणि ती चिखलाने भरलेली होती.

"आता नाही म्हना," नजमुन्निसा रडकुंडीला येऊन म्हणाली. "लोकायच्या गाड्या धुवा, पैसे जमवा."

"जबान देली हाय," रहेमतुल्लाभाई म्हणाले आणि दांडा ओढू लागले. मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्यावर जीवही जडला.

एकदा सुटकेची वाट दिसली. सुलतानपूरच्या हिंमतरावांना भाजीच्या मळ्यासाठी पंप हवा होता. ते देणार होते त्या किमतीत सगळे मुद्दल फिटत होते. मला विकायचे ठरले. मला वाईट वाटले, पण त्याहून हायसे वाटले. हिंमतराव म्हणाले, "माह्या हिरीवर पानी फेकलं का तवाच पैसे देतो." किसनराव म्हणाले, "आधी पैसे, मंग पंप हालव." पैसे आल्याशिवाय मी हलायचो नाही आणि मी हलल्याशिवाय पैसे यायचे नाहीत. रहेमतुल्लाभाई दोन्हीकडे खेटे घालून थकले. शेवटी हिंमतरावांनी दुसरीकडून पंप आणला.

त्या दिवशी रहेमतुल्लाभाई माझ्याजवळ बसून राहिले. "आपुन दोघंबी अडकलो रे," असे म्हणाले. माणसाने मला आपल्यात धरले, ते तेव्हाच.

मग जगाची दुसरी मोठी लढाई आली. नागपूरहून हुकूम सुटले, पेट्रोल रेशनच्या चिठ्ठीवर मोजून मिळू लागले. एकेक करून लॉऱ्या थांबल्या. विहिरीवर चिटपाखरू फिरकेना. आता किसनराव आले ते पायी.

"रहेमतभाई, मले आता पैशाची गरज हाय. एकदमच दे."

रहेमतुल्लाभाईंनी रिकामे हात पुढे केले. किसनरावांनी त्या हातांकडे पाहिले आणि मान खाली घातली. मग मुद्दलाच्या बदल्यात मी, असे ठरले. पुन्हा हात दिले. या खेपेला गूळ नव्हता.

चुना फोडून मला उपटले. तेव्हा नजमुन्निसा हळूच म्हणाली, "बापाचं चामडं तं काढून घ्या." किसनराव म्हणाले, "घे, घे, मी काही म्हनत नाही." रहेमतुल्लाभाईंनी माझे झाकण उघडले, वाटीला बोट लावले. ती अजून ओली होती. त्यांनी झाकण पुन्हा बंद केले.

"काढलं तं ह्यो मरंल," ते म्हणाले. "भाऊ, याच्यात रोज लोटाभर पानी टाकत जा. चामडं वाळू देऊ नोका."

"टाकीन ना," किसनराव म्हणाले.

"कवापरेंत?" नजमुन्निसाने विचारले. किसनरावांनी मला बैलगाडीत घालायला हमालांना हाक मारली.

पखाल नव्हती, पंप नव्हता. बिलकिसचा हात धरून ती दोघे बीबीच्या वाटेला लागली. ती तरी सुटली म्हणून मी तेव्हा समाधान मानले, अजूनही मानतो.

किसनरावांनी मला त्यांच्या मोटारींच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवले आणि काही दिवस खरोखर पाणी घातले. मग विसरले. मग तेही गेले आणि दाराला कुलूप लागले. माझ्या पोटातले चामडे वाळून लाकडासारखे झाले आहे. भोवती त्यांच्या मोटारी उभ्या आहेत, धूळ खात, आणि मला त्या धुता येत नाहीत.

मित्रांनो, मोठे व्हाल तेव्हा तुम्हीही कुणाच्या हातात हात द्याल. जरूर द्या. पण कुणी "कवापरेंत?" म्हणून विचारले, तर गूळ गिळून आधी त्याला उत्तर द्या. आणि आता जाण्यापूर्वी एवढे करा. पत्र्याचे ते भोक माझ्या डोक्यावरच आहे. लोटाभर पाणी ओता. चामडे जुने आहे, पण पखालीचे आहे. पाण्याला अजून ओळखेल.