ताडीवर फुगलेले मफिन

"काका, पीठ फुगवायला वाटीभर ताडी द्याल का?"

हर्षालीनं विचारलं आणि तानसा फाट्यावर मडकं घेऊन बसलेला राघो तिच्याकडे बघतच राहिला. मागे रोशनी आणि भिमी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खिदळत होत्या. ताडी मागून दाखव, अशी पैज या दोघी मैत्रिणींनीच लावली होती. पण गॅदरिंगला भर स्टेजवर सूत्रसंचालन केल्यापासून हर्षाली कोणाला म्हणून घाबरेना.

"अनंता माळकऱ्याची पोर ना गो तू?"

"हो. पण पीठ कुठं माळ घालतंय, काका?"

राघो खो खो हसला आणि त्यानं बाटलीत ताडी ओतून दिली.

हा सगळा खटाटोप इंग्लिश मफिनसाठी, म्हणजे तव्यावरच्या जाड, गोल पावांसाठी. रोशनीच्या मोबाइलवर तिघींनी ते पाहिले होते. ओव्हन नको, भाकरीचा तवा पुरे. पण शहापूरहून आणलेलं यीस्ट दोनदा मेलेलंच निघालं, पीठ आपलं चिखलासारखं पडून. रोशनीची वसईची मावशी ताडीवर पीठ फुगवते, म्हणून हा उपाय.

आणि काय फुगलं ते! हर्षालीनं तव्यावर तांदळाची कणी भुरभुरवली, वर जाड गोळे थापले, जाळ मंद ठेवला. दोन्ही बाजूंनी खरपूस, कमरेला पांढरे! एक काट्यानं उकलला तर आत जाळीच जाळी. मैत्रिणींना बोलावायला ती उड्या मारतच गेली.

परतली तर ओटीवर भजनी मंडळ बसलेलं. बाबा मंडळात पखवाज वाजवायचे, म्हणून घरी चहा ठरलेला. आणि चहाबरोबर ताटात तिचे मफिन!

"पोरीनं केलेत, तव्यावर," बाबा सांगत होते. त्यांना असं बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"काय मऊ हाय रे अनंता!" मंडळाचे प्रमुख गोजरबुवा म्हणाले. त्यांनी दुसरा उचलला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कौतुक इतकं गोड लागलं, की ती दारात नुसती हसत उभी राहिली. तेवढ्यात वाटेवरून मडकं खांद्यावर घेऊन राघो चाललेला. तो थांबून ओरडला, "काय गो, माझ्या ताडीनं फुगला का पाव?"

ओटीवर कोणी घास गिळेना. गोजरबुवा अंगणात जाऊन थुंकले, चूळ भरून पुन्हा थुंकले.

"माळ घालून आमाला ताडी चारलीस, अनंता? उद्या देवळात येऊन खुलासा कर. नायतर पखवाज दुसऱ्याकडं दे."

मंडळ गेलं. बाबांनी उरलेले मफिन ताटासकट उकिरड्यावर भिरकावले.

"तोंड काळं केलंस माझं! बावीस वर्सं वाजवतोय मी!"

"तुमाला कोणी सांगितलं होतं वाढायला? विचारलंत मला?"

"माझ्या घरात मी पोरीला विचारू?"

"अगो, तोंड किती चालवशील!" आईनं तिचा दंड इतका आवळला की बोटं उठली. "स्टेजवर काय चढली, डोक्यावर चढली! आता ऐक. उद्या देवळात सांगायचं, दुकानचं यीस्ट होतं. राघ्या पिऊन बरळला."

"राघोकाका विकतात, पीत नाय. गावाला ठाऊक आहे."

"त्या ताडीवाल्यावर कोण इस्वास ठेवणाराय?" बाबा म्हणाले. "बुवांसमोर माझ्या माळेची शपथ घेऊन सांग. विषय मिटला."

"आणि नाय सांगितलं तर?"

"तर शाळा बंद. धुणीभांडी कर, बस घरात."

हर्षालीची दहावी तोंडावर आलेली. बाबांनी एकदा म्हटलं की म्हटलं, हे तिला पक्कं ठाऊक. खुंटीवरच्या पखवाजाकडे त्यांची नजर सारखी जात होती, तेही तिला दिसलं. तरी आवाज स्टेजवरचाच निघाला.

"बाबा, ताडी पोटात गेली ती नकळत. शपथ मात्र समजून-उमजून खोटी घ्यायची? तीपण माळेची?"

बाबांचा हात उठला, तो तसाच वर राहिला. आई मधे आली नाही.

"मी उद्या देवळात येणार," हर्षाली म्हणाली. "ताडी होती, ती मी आणली, बाबांना यातलं काय ठाऊक नव्हतं, असं बुवांच्या तोंडावर सांगणार. आणि तिथनं दप्तर घेऊन सरळ शाळेत जाणार. अडवायचं तर देवळातच अडवा, सगळ्यांसमोर."