घण कोण मारणार

"मामी, मागे व्हा ना जरा, मशीन चालू करतोय," प्रमोद म्हणाला. मी होते तिथेच उभी राहिले.

मशीन कसली, गंजलेलं धूड. कित्येक वर्षं बुवापाड्यातल्या आमच्या लोहारकामाच्या दुकानात कोपरा अडवून बसलेलं. मांजरी त्याच्याखाली व्यायच्या, तेवढाच त्याचा उपयोग. प्रमोद माझ्या नणंदेचा मुलगा, एमआयडीसीत फिटर. रजा टाकून आला होता, मामाचा पॉवर हॅमर जिवंत करायला. मोबाइलवर कुणा गोऱ्याचा व्हिडिओ बघायचा, थांबवायचा, एक नट पिळायचा, परत बघायचा. आमचे हे स्टुलावर बसून मान डोलवायचे. दोघांनी मिळून त्या धुडाला हिरवा रंगसुद्धा दिला. आधी रंग, मग दुरुस्ती. काय बोलायचं अशा माणसांना?

आमच्यात घण बाई मारते. पुरुष सांडशीत लोखंड धरतो, हातोडीने जागा दाखवतो आणि बाई समोर उभी राहून घण घालते. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूने ओटी भरायच्या आधी घण हातात दिला होता. मग एके दिवशी ह्यांनी बंद पडलेल्या कुठल्याशा कारखान्याच्या भंगारातून हा हॅमर आणला. "आता तुला तरास नाय," म्हणाले. त्रास होतो म्हणून मी कधी सांगितलं होतं? पण ह्यांनी ठरवलं आणि मी चुलीपाशी गेले. पुढे मोटर जळली, पट्टा तुटला, गिऱ्हाईकही रोडावलं. घण परत माझ्याकडे आला.

दोन वर्षांपूर्वी ह्यांचा डावा हात वाऱ्याने लुळा पडला. उजवा राहिला. उजव्यात सांडशी धरायची तर हातोडी कशात धरणार? मग हनुवटीने जागा दाखवायचे, मी तिथे घण घालायचे. खरं सांगते, मला ते फार बरं चाललं होतं. साठीला टेकलेली बाई घण घालते म्हणून गल्लीतले लोक हळहळायचे. हळहळा मेल्यांनो, म्हणायचे मी मनात.

ह्यांना मात्र ते बोचायचं. चहाच्या टपरीवर कुणीतरी बोललं, बाळाजी बायकोच्या मनगटावर जेवतो. झालं. माणूस चार दिवस जेवला नाही नीट. त्यात बदलापूरच्या ठेकेदाराने रस्ता फोडायच्या ब्रेकरच्या बोथट छिन्न्यांचा ढीग दारात आणून टाकला. सगळं बदलापूर खणून ठेवलंय, छिन्न्यांना टोकं कोण काढून देणार? एवढा ढीग माझ्याने उपसला नसता, हे मलाही कळत होतं. पण हे मला विचारायला आले का? थेट भाच्याला फोन.

कारण हॅमरवर माणसाला एक हात आणि एक पाय पुरतो. पायाने खालचा दांडा दाबला की पट्टा आवळतो, चाक फिरतं, चाक वरचा कमानपाटा, ट्रकखाली असतो तसला, हलवतं आणि पाट्याला टांगलेला जड ठोकळा खाली आपटतो. समोर बाई लागत नाही.

"आज चालली तर चालली," सकाळीच ह्यांनी सांगून टाकलं होतं. "न्हायतर दुकान सुयोगला देतो." सुयोग आमचा मुलगा. त्याला इथे मोबाइलची कव्हरं विकायची आहेत. प्लॅस्टिकची, रंगीबेरंगी. बापाच्या ऐरणीवर तो कव्हरं मांडणार.

प्रमोदने बटण दाबलं. मोटर घुमली. ह्यांनी भट्टीतून लाल छिन्नी काढली, ठोकळ्याखालच्या लोखंडी साच्यावर ठेवली आणि पायाने दांडा दाबला. ठोकळा छिन्नीवर येऊन बसला, तो बसलाच. वर पट्टा घसरायला लागला, धूर निघाला, जळक्या रबराचा वास सुटला.

"पट्टा ढिला आहे," प्रमोद म्हणाला आणि पट्टा आवळला. मग पाटा आवळला. मग आणखी काही आवळलं. दर वेळी ठोकळा यायचा आणि छिन्नीला चेपत बसायचा. हॅमर कुठे मारत होता? नुसता अंगावर रेलत होता.

मला पहिल्याच वेळी कळलं होतं. काही चालत नसताना ठोकळा खालच्या साच्याला टेकलेला होता. चिकटून. प्रमोदला वाटलं, टेकला नाही तर लागेल कसा? अरे, घण काय ऐरणीपर्यंत नेऊन ठेवायचा असतो? वर न्यायचा, जोराने खाली ओढायचा आणि शेवटी हात सैल सोडायचा. पुढचं घण करतो. शेवटपर्यंत आवळून धरणारीचं मनगट जातं आणि लोखंडाला ढिम्म काही होत नाही. पण मी बोलले नाही. दाराला टेकून तांदूळ निवडत बसले. कर म्हटलं, काय करायचं ते कर. मजा वाटत होती मला, का खोटं बोलू?

दुपारी प्रमोदने पाना टाकला. "मामा, जाम डोकं आउट झालं. गिव्ह अप."

हे स्टुलावर जाऊन बसले. सदऱ्याच्या खिशातून उजव्या हाताने फोन काढला, मांडीवर ठेवला आणि अंगठ्याने सुयोगचा नंबर शोधायला लागले. ह्यांना नीट दिसत नाही. दोनदा भलत्यालाच लागला. "सुयोग हाय का?" असं परक्या माणसाला विचारत होते आणि भट्टीतली छिन्नी काळी पडत चालली होती.

माझी मजा तिथेच संपली. हॅमर भंगारात गेला तर घण मला परत मिळणार नव्हता, दुकानच जाणार होतं. हॅमर चालला तरी मी बाहेर. माझं दोन्हीकडून गेलं होतं. ह्यांचं एकीकडून तरी राहत होतं. राग आला मला. एवढा राग की सूप आपटलं.

"ठोकळा वर घे," मी म्हणाले. "मधी जागा सोड."

"मामी, प्लीज, हे टेक्निकल आहे. जागा ठेवली तर पोचणार कसा?"

"पाटा कशाला हाय वर? तो वाकंल नि फेकंल त्याला. तू तर बांधून ठेवलायस."

प्रमोद हसला. ह्यांनी फोन बंद केला. माझ्याकडे बघितलं.

"ती म्हणती तसं कर," हे म्हणाले.

"पण मामा..."

"जन्मभर हिच्या घणासमोर सांडशी धरलीय मी. कर."

प्रमोदने ठोकळा ज्याला टांगला होता त्या सळईचे आटे फिरवून तो वर घेतला. "अजून," मी म्हणाले. "अजून. हां." दोन बोटं सहज जातील एवढी फट पडली. पाट्याचं आवळणंही सैल करायला लावलं.

छिन्नी पुन्हा लाल झाली. ह्यांनी पाय दाबला आणि पाटा लचकला. ठोकळा सुटून आला, लागला आणि लगेच वर गेला. परत आला. एकदाच तापवून, एका तापात छिन्नीला टोक निघालं. एवढ्याला मला दोन ताप लागतात.

प्रमोद व्हिडिओ काढायला लागला. "मामा, एक नंबर. मामा, इकडे बघा." ह्यांचं लक्ष नव्हतं. पुढची छिन्नी, मग त्याच्या पुढची. तोंडावर नव्या नवऱ्यासारखं तेज. मी समोर उभी होते, माझ्या नेहमीच्या जागेवर, ऐरणीच्या पलीकडे.

"विठे, बाजूला हो," हे म्हणाले. "ठिणगी लागंल."

ठिणगी. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत डागांनी भरलेत, ते काय चपात्या लाटून?

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. आत हॅमर पडत होता, एका लयीत, न थकता. समोरच्या घरातली सरस्वती दोरीवर कपडे घालत होती. ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"विठाबाई, खांदा का गं उडतोय तुझा?"

मी बघितलं. आत ठोका पडला की माझा उजवा खांदा वर जात होता आणि खाली येत होता.

"थंडी वाजतीय," मी म्हणाले आणि खांद्यावरून पदर घेतला. ऊन चांगलं कडक होतं.