रडणारी बोट आणि उजवीकडची खुर्ची

पहिला थेंब फोटोच्या काचेवर पडला तेव्हा केबिनमधली अठरा माणसं श्वास रोखून बसली होती. दुसरा थेंब कप्तानांच्या डोळ्यापासून गालावर घसरला आणि मागे कुणीतरी हुंदका दिला.

"चार दिवसांत पावसाचा टिपूस नाही," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला. "मग हे पाणी कुठलं? चाखून बघा. पावसाचं पाणी खारट असतं का?"

एकेकानं बोट लावून चाखलं. खारटच होतं. लगेच पिशव्यांतून बाटल्या निघाल्या. एका बाईंनी तर रुंद तोंडाची बरणी आणली होती. कप्तानांचा शोक फार अनावर झाला तर पंचाईत नको.

कप्तान म्हणजे माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. चाळीस वर्षांची ती मोटर-यॉट ताईचं घर होती. चूल तिथे, अंथरूण तिथे, आणि भिंतीवर भाऊजींचा फोटो. मिस्त्रीनं त्या बोटीचं इंजिन वीस वर्षं सांभाळलं. भाऊजींना तो दादा म्हणायचा, ताईला वहिनी. आजारपणात भाऊजींना उचलून धक्क्यापर्यंत आणणारा तोच. त्यामुळे बोट रडते आणि दादा त्याच्या तोंडून बोलतात, असं तो म्हणाला तेव्हा ताईनं एकही प्रश्न विचारला नाही.

दादा बोलायचे ते मोजकंच. छताला हात लावू नका. डागडुजी करू नका. सगळ्यांनी डाव्या भिंतीशी, फोटोजवळ बसा. उजवीकडे दादांची खुर्ची आहे, तिकडे कुणी फिरकायचं नाही. आणि अलीकडचं म्हणजे, बोट मिस्त्रीच्या नावे करा, तो हिचं देवस्थान करील. त्या कागदावर रविवारी सही व्हायची होती.

"आणि तू कुठे राहणार?" मी ताईला विचारलं.

"मिस्त्री मागची लहान केबिन देतो म्हणालाय."

"तुझ्याच घरात?"

"तुला नाही कळायचं. तुझ्याशी कुणी गेल्यावर बोललं नाही."

हे खरं होतं.

मी बोटींची कापडी आच्छादनं शिवते. शिकवलं कुणी नाही. उसवून बघत शिकले. गळती शोधायलाही तशीच शिकले. पाणी हे दूरच्या नातेवाइकासारखं असतं. शिरतं एकीकडून, मुक्काम ठोकतं भलतीकडेच. म्हणून थेंब पडतो तिथे शोधण्यात अर्थ नसतो. आत टिश्यू पेपर चिकटवायचे, बाहेरून रबरी नळी धरायची, खालून सुरुवात करून एकेका खिडकीवर, एकेका खांबाच्या बुडाशी पाणी सोडायचं आणि कुठला कागद भिजतो ते बघायचं. घाई केली आणि दोन जागा एकदम भिजवल्या तर सगळं पहिल्यापासून.

मंगळवारी ताई आणि मी दोघीच बोटीवर होतो. मी तासभर फोटोकडे बघत बसले. एक थेंब नाही.

"शंकेखोरासमोर दादा मन मोकळं करत नाहीत," मिस्त्री दारातून म्हणाला. हसून म्हणाला. इतक्या वर्षांत तो मला शंकेखोर कधी म्हणाला नव्हता. धाकटी म्हणायचा.

बुधवारी गर्दी होती. मी चहाचा कप घेऊन कोपऱ्यात बसले. माणसं येत गेली, डाव्या भिंतीशी दाटीवाटीनं बसत गेली. मी कपात बघितलं. चहा एका काठाला वर चढला होता, दुसऱ्या काठाला उतरला होता. कप समोरच्या टेबलावर सपाट ठेवला होता. तिरपी होती ती बोट. आणि तेवढ्यात पहिला थेंब पडला.

शुक्रवारी ताई बाजारात गेल्यावर मी फोटोवरच्या छताची फळी उतरवली. फळीमागे पन्हळीसारखी पोकळी आहे, हे मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी भाऊजींनी आणि मीच ती शोधली होती. वर कठड्याच्या खांबाच्या बुडातून पाऊस झिरपायचा आणि इथे साठायचा. त्या दिवशी खांब पक्का केला, आणि पुन्हा कधी पाणी आलंच तर बाहेर निघून जावं म्हणून पन्हळीच्या टोकाला निचऱ्याचं भोक पाडलं. मी आत वाकले होते, भाऊजी भोक पाडत होते, आणि टॉर्च धरली होती मिस्त्रीनं.

पन्हळ अर्धी भरलेली होती. भोकात लाकडी बूच होतं. शंकूसारखं तासलेलं, दोरा गुंडाळून बसवलेलं, वरून घासून गुळगुळीत केलेलं. इतकं देखणं काम आमच्या धक्क्यावर एकच माणूस करतो. ते भोक तिघांना माहीत होतं. त्यातला एक फोटोत होता आणि एक मी.

मी फळी होती तशी लावली. वर चढून बघितलं, तर खांबाचे स्क्रू कुणीतरी ढिले केले होते. हात धुतले. चोर पकडल्याचा आनंद होतो म्हणतात. मला तर आपल्याच घरात चोरी केल्यासारखं वाटत होतं.

रविवारी कागद टेबलावर होता, पेन त्याच्यावर. थेंब पडायला लागले.

"दादांनी होकार दिला," मिस्त्री म्हणाला. "वहिनी, करा सही."

"त्याआधी सगळ्यांनी उठून जरा उजवीकडे बसा," मी म्हणाले.

"तिकडे दादांची खुर्ची आहे." मिस्त्रीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "दादा कोपतील."

कुणी हललं नाही. ताईनं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तिनं पेन खाली ठेवलं.

"माझ्या नवऱ्याची खुर्ची आहे," ती म्हणाली. "कोपले तर माझ्यावर कोपतील. सवय आहे मला." आणि जाऊन बसली.

मग सगळे उठले. बोट सावकाश उजवीकडे कलली. थेंब थांबले. डावीकडे बसवलं, सुरू झाले. पुन्हा उजवीकडे, बंद.

"कप्तानांना बरी कवायत लागते रडायला," बरणीवाल्या बाई म्हणाल्या. कुणीतरी हसलं आणि ओशाळून थांबलं.

मी फळी उतरवली आणि सांगितलं. वरच्या खांबाचे स्क्रू ढिले केलेत, तिथून पाऊस आत येतो. भोक बुजवलंय, म्हणून तो साठतो. चाळीस वर्षांच्या समुद्राच्या उडणाऱ्या पाण्याचं मीठ या लाकडात मुरलंय, म्हणून खारट. आणि तुम्ही भक्तीनं एका बाजूला बसता, बोट कलते, पन्हळ सांडते. रडवत होतात तुम्ही. मंगळवारी माझ्यापुढे थेंब पडला नाही, कारण वजनाला आम्ही दोघीच होतो.

बूच उपटून मी टेबलावर ठेवलं. पाणी बाहेर वाहून गेल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

ताईनं ते बूच उचललं, दोऱ्यावरून बोट फिरवलं. "किती निगुतीनं केलंस रे."

"वहिनी, तुम्ही जेवत नव्हता. दादा रडतात म्हटल्यावर जेवायला लागलात. मी तुमच्यासाठीच..."

"आणि कागद?"

मिस्त्रीनं टोपी घेतली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा, जातो असं न सांगता गेला.

गर्दी पांगल्यावर ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझं खरं होतं. पण ते दुसऱ्यांदा गेले आज." तिच्या मनात मीही त्या मिस्त्रीच्याच रांगेत उभी होते, हे मला कळलं.

खांबाचं बूड मी दोन दिवस वाळवलं, फटींत भरलेला जुना मसाला खरवडला, नवा भरला, स्क्रू आवळले. ताईनं न सांगता रबरी नळी धरली. मी आत टिश्यू पेपर लावत गेले.

गुरुवारी दुपारी धो धो पाऊस आला. त्यातच दोन माणसं बाटली घेऊन आली. दूरची होती, त्यांना कळलं नव्हतं. ताईनं त्यांना आत घेतलं, टॉवेल दिले आणि फोटोच्या वर लावलेला कोरडा टिश्यू पेपर दाखवला.

"पाणी दिसलं तर हात जोडायच्या आधी वर चढून बघा, ते शिरतं कुठून," ती म्हणाली. "आणि तुम्हाला कुठे बसायचं हे कुणी ठरवून देत असेल, तर एकदा दुसरीकडे बसून बघा. मी इतके महिने बघितलं नाही."

ती माणसं गेली. तिनं कागद काढून हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. खरंच कोरडा होता. मग उजवीकडच्या त्या खुर्चीत बसली आणि भाऊजी गेल्यापासून पहिल्यांदा, तोच कागद डोळ्यांना लावून रडली. इतके दिवस ते काम तिनं बोटीवर सोपवलं होतं.