बटणांच्या खणातल्या गोळ्या

मी पायमशीन बोलतेय. वय विचारू नका, सुई टोचीन.

या घरात आले तेव्हा काळीभोर होते, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. शिंपीमास्तर दिवसभर माझ्यापाशी. त्यांची बायको म्हणायची, "ही माझी सवत हो!" खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या व्हायच्या. बाई त्यांना जेवायला हाक मारायची, की मी मुद्दाम दोरा तोडायचे.

मास्तर गिऱ्हाइकाला कपडा देताना दर वेळी बजावायचे, "कुठं आवळलं तर परत आणा. उसवून देईन. न सांगता कोपऱ्यात टाकू नका."

एकदा मास्तरांच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून परतले ते कोलेस्टेरॉलची गोळी घेऊन. जेवण झालं की रोज एक, चुकवायची नाही.

महिन्याभरात मांड्या दुखायला लागल्या. पायडल मारताना कण्हायचे. आळ आला माझ्यावर! "म्हातारी जड झाली," म्हणत मला तेल पाजलं, पट्टा बदलला. अहो, मी कुठली जड?

मग एकदा गोळ्या संपल्या आणि दोन आठवडे आणायच्या राहिल्या. पाय हलके झाले. तेव्हा कुठं मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. पण डॉक्टरांना सांगतील तर शपथ! मला पुसता पुसता पुटपुटले, "एवढा शिकलेला माणूस. तुमचं माप चुकलं, असं त्याला तोंडावर कसं म्हणू?"

नव्या गोळ्या आल्या. बाई रोज एक हातावर ठेवायची. "घेतली का?"

"घेतली गं बाई. आता काय जीभ काढून दाखवू?"

तिची पाठ वळली, की गोळी माझ्या बटणांच्या खणात. पांढऱ्या बटणांत पांढरी गोळी, कोण बघतंय? मला तर भारी मजा वाटायची. सवतीला फसवलं ना! बाईनं खण ओढला, तर मी तो अडकवून धरायचे. "मेलं लाकूड फुगलंय," म्हणून ती सोडून द्यायची.

चार महिने हा खेळ चालला. एका दुपारी कॉलर लावता लावता मास्तरांनी माझ्यावर कपाळ टेकलं. मला वाटलं, दमले. पाय पायडलवरच होते. चाक एकदा फिरलं आणि थांबलं.

पुढं बऱ्याच दिवसांनी बाई तो अर्धा शर्ट पुरा करायला बसली. बटणासाठी खण ओढला. या वेळी मी अडवला नाही.

तिनं एक बटण उचललं. सुई घेऊन भोक शोधायला लागली. बटणाला भोकच नव्हतं. दुसऱ्यालाही नाही.

ओंजळभर गोळ्या पदरात बांधून ती डॉक्टरांकडे गेली. परत आली ती माझ्यापुढं बसली. "डॉक्टर म्हणाले, पाय दुखतात एवढं सांगायला हवं होतं. गोळी कमी केली असती, नाहीतर बदलून दिली असती. घेतली असती तर वाचलेच असते, असं नाही म्हणाले. पण औषध असं आपल्या मनानं सोडायचं नसतं, म्हणाले." मग माझ्या चाकावर हात ठेवून हळूच म्हणाली, "तुला ठाऊक होतं ना गं?"

मला तोंड असतं तर!

आता मी शिवत नाही. शर्ट तसाच सुईखाली आहे. दुपारी बाई येते, पायडलवर नुसता पाय ठेवून बसते. मी खण अर्धा उघडाच ठेवते.

तुम्हाला एवढंच सांगते बाबांनो, गोळी आवळत असेल तर परत न्या. देणाऱ्याला सांगा. कोपऱ्यात टाकू नका.