कवडीचे डोहाळे

सुभद्राचं माहेर आता चार पायांवर उभं होतं, आणि ते दिवसातून तीनदा बैलांच्या दाण्यात तोंड घालायला निघायचं.

छत्तीस वर्षांपूर्वी आईनं तिच्या ओटीत बकरीचं एक पिल्लू घातलं होतं. पुढे आई गेली, भाऊ सुरतेला गेला तो तिकडचाच झाला, घर विकलं गेलं. त्या पिल्लाचं गणगोत मात्र मूर्तिजापूरजवळच्या तिच्या सासरच्या कोठ्यात बैलांशेजारी वाढत राहिलं. गेल्या साली साथ आली आणि आठ दिवसांत बकऱ्यांची सगळी दावण रिकामी करून गेली. उरली एकटी कवडी. कानांवर पांढरे ठिपके म्हणून कवडी. ती आता गाभण होती, पंधरवड्यात विणार होती. सुभद्रा रोज तिच्या पोटाला हात लावून म्हणायची, "दोन हायेत. एक तरी पाट दे माय, मादी पिल्लू."

कवडी गुणाची होती, पण जिभेची चोर. दाण्याच्या पेटीला कडी लावली, तर ती ओठानं उघडायला शिकली. वर दगड ठेवला, तर डोक्यानं ढकलला. बाभळीच्या काट्या लावल्या, तर आधी त्याच चवीनं खाल्ल्या आणि मग पेटीकडे वळली. नवरा नत्थुजी ओट्यावर बसून सल्ले द्यायचा, "अवं, दोरी बांध. अवं, फळी लाव." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? शेवटी सुभद्रानं कुलूप आणलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली. शेजारच्या खुशालरावांची बकरी टोपलंभर ज्वारी खाऊन तडफडत मेलेली तिनं डोळ्यांनी पाहिली होती. बैलाचं जेवण ते बकरीचं मरण, हे त्या गावात तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

पण पोळ्याच्या दिवशी त्या घरात बैलांच्या दाण्याला कुलूप नसे. नत्थुजीच्या बापापासूनची ती रीत होती. वर्षभर राबणाऱ्यानं एक दिवस तरी कोणाला विचारून खाऊ नये. सकाळीच नत्थुजीनं किल्ली मागून घेतली, घमेलंभर गव्हाचा भरडा सरकीच्या ढेपेत कालवून गव्हाणीत ठेवला. बैलांनी अर्धा खाल्ला, आणि तो त्यांना धुवायला नाल्यावर घेऊन गेला.

सुभद्रा गोवऱ्या घ्यायला कोठ्यात आली. कवडीचं तोंड घमेल्यात होतं. सुभद्रानं काठी उचलली. कवडीनं मान वर करून पाहिलं. हनुवटीला भरडा लागलेला, डोळे भरलेले. आणि त्या बाईचं काळीज विरघळलं. तिच्या दोन बाळंतपणांत आईनं विचारून विचारून डोहाळे पुरवले होते. या मुक्या जीवाचे कोण पुरवणार?

"खाय बाई चार घास," ती म्हणाली. "सनाचा दिवस हाये."

काठी भिंतीला टेकवून ती चुलीकडे गेली. पुरण करपायला लागलं होतं, मग पोळ्या, मग शेजारच्या पोरी आल्या. चार घासांचं घमेलं कधी झालं ते तिला कळलंच नाही. कुंपणानंच शेत खाल्लं.

दुपारी कवडी खाली बसली. दात खाऊ लागली, कण्हू लागली, पोट टम्म झालं. सुभद्रा हरखली. "आजच विते वाटते! पोयाच्या दिवशी!" तिनं गोणपाट अंथरलं, आणि विणाऱ्या बकरीला देतात तसं कोमट गूळपाणी पुढे ठेवलं. कवडीला भयंकर तहान लागली होती. तिनं बादली संपवली. सुभद्रा तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली, आईच्या वेळची गाणी गुणगुणत. बाहेर बैल सजून तोरणाखाली गेले तरी ती उठली नाही.

तिन्हीसांजेला नत्थुजी परतला आणि पाहूनच त्यानं फोन लावला. जनावरांचा डॉक्टर कुलदीप मोटारसायकलवर आला. त्यानं एकदा पोटावर हात ठेवला.

"काकू, पिलं उजवीकडे रायतात. हे डावीकडे फुगलं. दाना खाल्ला का इनं?"

सुभद्राची नजर गव्हाणीतल्या रिकाम्या घमेल्याकडे गेली.

"कवा?"

"सकाऊन," ती म्हणाली.

कुलदीपनं घड्याळाकडे पाहिलं नाही, तिच्याकडेही नाही. त्यानं सोडा पाजला, तेल पाजलं, सुई दिली. जाताना पोटाशी कान लावून बराच वेळ बसला. "पिलं हालत नाई काकू. आता बकरीचंही काई सांगता येत नाई."

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होता. गल्लीतून पोरं लाकडी बैल ओढत गलका करत चालली होती, तेव्हा कवडीनं सुभद्राच्या मांडीवर मान टाकली.

नत्थुजी दाराशी उभा होता. "चुकलं माह्यानं," तो म्हणाला. "कुलूप म्या काहाडलं. बापाची रीत चालवाले गेलो अन् तुवं माहेर बुडवलं."

क्षणभर तिला वाटलं, असू दे. त्याच्या माथी राहू दे. मग तिनं मान हलवली.

"तुमी नाई जी. म्या पायलं होतं तिले खाताना. काठी बी हाती होती. म्याच म्हटलं, खाय."

नत्थुजी आत गेला, सवयीनं पेटीचं झाकण बंद केलं, कुलूप घातलं, ओढून पाहिलं. मग बाहेर येऊन त्यानं किल्ली नेहमीसारखी तिच्यापुढे धरली.

सुभद्रानं ती घेतली आणि कमरेला खोचली. कोठ्यात दोन बैल दाव्याला बांधलेले होते. त्या दाण्याकडे आता चोरून बघणारं कोणीच उरलं नव्हतं.