पहिला काप

क्रेनने लाइलचा अवाढव्य भोपळा स्पर्धेच्या वजनकाट्यावर टेकवला, तरी त्याने देठाजवळचा हात काढला नाही.

"सोड रे आता," परीक्षक नेडीन म्हणाली. "लग्नात बायकोचा हात तरी इतका घट्ट धरला होतास का?"

मंडपात हशा पिकला. लाइलनेही हसून हात काढला. त्या तळव्याखाली बोटभर भेग होती. ऑगस्टच्या काहिलीत भोपळा लवकर फुगावा म्हणून त्याने पाणी जरा जास्तच सोडलं आणि एका सकाळी देठाशी साल उकललेली दिसली, थेट पोकळीपर्यंत. अशी भेग गेलेला भोपळा स्पर्धेतून बाद होतो, हे ॲरिझोनातल्या त्या गावात शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. लाइलने भेगेत मेण भरलं, वरून नारिंगी रंग दिला आणि रंगावर धूळ चोळली.

नेडीनने बुडाखाली बॅटरी मारली, दोन टिचक्या दिल्या आणि मान हलवली. काटा थांबला. दुसऱ्या क्रमांकाच्या भोपळ्याहून नऊ पौंड जास्त!

तो दुसरा भोपळा रूबेन ओरोस्कोचा होता. दरवर्षी पहिला तोच यायचा. या वाळवंटात भोपळा जगवता येतो, हे लाइलला त्यानेच शिकवलं होतं. दुपारची जाळी, पाण्याचे फवारे, वेलाखालची ओली वाळू सगळं त्याचंच, आणि बीसुद्धा त्याचंच.

"शेवटी हरवलंस की मला, म्हाताऱ्या!" रूबेनने येऊन मिठी मारली. लाइलला त्याच्या डोळ्यांत बघवेना.

मग कुणीतरी सुरा आणला. जिंकलेला भोपळा तिथेच कापायचा, बी सगळ्यांना वाटायचं आणि पहिला काप दुसऱ्या आलेल्याने घालायचा, अशी तिथली रीत. भेग बुजवताना लाइलला काटा आठवला होता, ही रीत नाही. तो कधी पहिला आलाच नव्हता.

"घरी कापू या," तो घाईने म्हणाला. "उन्हात बी खराब होईल."

"आणि वाढलं कुठे ते, बर्फात?" मागून कुणीतरी ओरडलं.

रूबेन भोपळा थोपटत देठापाशी आला. तिथे त्याचा हात थांबला. त्याने नख रुतवलं, नखात आलेलं मेण पाहिलं आणि मग लाइलकडे पाहिलं. लाइल बुटांकडे बघत राहिला. याने आत्ता चारचौघांत शिव्या घातल्या तर बरं, असं त्याला वाटलं.

एरवी पहिला काप मधोमध घालायचे. आज रूबेनने देठाशीच सुरा लावला, भेगेच्या दोन्ही बाजूंनी कापून फोड काढली आणि स्वतःच्या बादलीत टाकली.

"ही माझ्या कोंबड्यांना," तो मोठ्याने म्हणाला. मग लाइलपुरतं हळू, "बोलायचं तर तूच बोल. मी बोलणार नाही."

नेडीनने लाइलच्या हातात माइक दिला. त्याने टोपी काढली.

"रूबेनने..." तो म्हणाला आणि अडखळला. सगळे थांबले. रूबेनही सुरा पुसायचा थांबला.

"रूबेनने शिकवलं, म्हणून जमलं," लाइल म्हणाला आणि त्याने माइक परत केला.

किती मोठ्या मनाचा माणूस, असं लोक एकमेकांना म्हणाले. टाळ्या वाजवायला सुरुवात रूबेननेच केली.