पापडाचं पीठ

"हात छातीशी बांधा. खुर्चीला धरायचं न्हाई. मी म्हणलं की उठायचं, बसायचं, परत उठायचं."

तनुजाने मोबाइलवर तीस सेकंद लावले. उद्धवरावांनी चपला काढून पाय फरशीवर घट्ट टेकवले आणि उठले. पहिल्यांदा बरे उठले. दुसऱ्यांदा मांडीत कळ आली. पाचव्यांदा अर्धवट उठून ते परत खुर्चीत बसले आणि भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिले.

"झाले का तीस?"

"अजून अकरा हायेत, काका. पण राहू द्या."

त्यांची मुलगी मुग्धा दाराशी उभी होती. तिनेच त्यांना लातूरहून नांदेडला आपल्या घरी आणलं होतं. महिन्यापूर्वी नळाला पाणी आलं म्हणून उद्धवराव अंगणात गेले आणि हौदापाशी घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण उठताच येईना. हाक मारली तर ऐकायला घरात कुणी नव्हतं. आठ दिवसांनी आलेलं पाणी गल्लीत वाहून चाललं म्हणून शेजारचे मल्लिनाथ भांडायला आले, तेव्हा कुठे ते सापडले.

"तुम्ही रोज चालता ते चांगलं हाय," तनुजा म्हणाली. ती व्यायामाचे उपचार करणारी डॉक्टर, तिशीतली, बोलायला मोकळी. "पण नुसतं चालून ताकद येत न्हाई. वजन उचलावं लागंल. दोन किलोचे डंबेल्स घ्या..."

"ते नको."

"घरी हायेत की, बाबा," मुग्धा म्हणाली. "आईसाठी आणलेले."

"नको म्हणलं ना."

तनुजाने वाद घातला नाही. "बऱ्याच जणांना आवडत न्हाई ते. कंधारला आमच्या आजीला मी डंबेल दिला, तर तिनं त्यानं खारका फोडल्या. लोखंडच पाहिजे असं काई न्हाई, काका. हातात काय हाय ते दंडाला कुठं कळतंय. त्याला जड लागलं पाहिजे, आणि रोज लागलं पाहिजे. अर्धी बादली भरून अंगणात वीस पावलं न्या. भिंतीला तळवे लावून ढकला. पायऱ्या चढा, कुंड्या हलवा, वाफे खुरपा. रबरी पट्टा मिळतोय, तो ओढा. कणीक तिंबली तरी चालंल."

उद्धवराव आपल्या बोटांकडे बघत होते.

"पापडाचं पीठ कुटलं तर?"

मुग्धा जरा हसली. आई गेल्यापासूनच्या पाच महिन्यांत बाबा पहिल्यांदाच गमतीनं काही बोलले असं तिला वाटलं.

"उडदाच्या पापडाचं? बत्त्यानं?" तनुजाने विचारलं.

"हाव."

"मग बाकी काईच नको. खांदा, दंड, मनगट, पाठ, सगळं लागतंय त्याला. पण आता कुटतंय कोण?"

"आणि हाडं ठिसूळ झालेल्या बाईनं कुटलं तर? त्यानं अपाय होतो का?"

तनुजाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मुग्धाकडे. मुग्धाचं हसू गेलं होतं.

"पाठ ताठ ठेवून, थोडं थोडं वाढवत कुटलं तर अपाय कशाचा? आम्ही पेशंटसाठी असंच काहीतरी शोधत असतो. त्यांना करावंसं वाटंल असं."

उद्धवरावांना 'होतो' एवढा एकच शब्द ऐकायचा होता. तो मिळाला नाही. ते चपला घालू लागले. डावी चप्पल काही केल्या पायात जाईना. शेवटी मुग्धाने वाकून ती सरळ केली.

*

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर उद्धवरावांच्या बायकोची, चंद्रप्रभाची, हाडं तपासली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, वजन उचलायचा व्यायाम करा. उद्धवराव बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत होते, हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. आलेल्या कागदावर त्याच दिवशी कार्यवाही करायची त्यांची सवय. संध्याकाळीच ते दोन गुलाबी डंबेल्स घेऊन आले. पट्टीने रेघा मारून तक्ता केला आणि फ्रिजवर चिकटवला. सकाळी सात, संध्याकाळी पाच. करून झालं की बरोबरची खूण.

चंद्रप्रभाने चार दिवस केलं.

"उचलायचं, परत तिथंच ठेवायचं," पाचव्या दिवशी ती म्हणाली. "ह्याचं पुढं होतंय काय?"

"हाडं मजबूत होतेत."

"ते झालं. पण हातात काय येतंय? जन्मभर मी काही उचललं तर कुठंतरी नेऊन ठेवायला उचललं. हे म्हणजे येड्यावानी वाटतंय बघा."

दुसऱ्या दिवशी एक डंबेल लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवलेला दिसला. उद्धवरावांनी तो काढून, पुसून परत जागेवर ठेवला. मग रोजचं सुरू झालं. "आज तक्त्यावर खूण न्हाई." "कालची पण न्हाई." ती ऐकून घ्यायची. फाल्गुनात मात्र अचानक खुणा सुरू झाल्या. रोज एक, न चुकता. सकाळी सातला ती डंबेल्सना हात लावताना दिसत नसे, पण खूण असायची. उद्धवरावांनी विचारलं, तर म्हणाली, "दुपारी करते. तुम्ही झोपलेले असता." तिचा रंग सुधारला होता. भरलेली घागर ती एका हाताने सरकवू लागली होती. आपल्या तक्त्याचा गुण आला म्हणून उद्धवराव खूश होते.

चैत्रात एक दिवस ते पेन्शनर मंडळाच्या बैठकीहून लवकर परतले. घराला कुलूप. गल्लीच्या टोकाला बसम्मा राहायची. उदगीरकडची, नवऱ्यामागं पापड लाटून घर चालवणारी. तिच्या ओसरीवरून ठोके ऐकू येत होते आणि बायकांचं हसणं. त्यात एक हसणं ओळखीचं होतं, पण इतकं मोठ्यानं कधी ऐकलेलं नव्हतं. ते फाटकाशी गेले. चंद्रप्रभा भिंतीशी पाठ लावून ताठ बसली होती. पदर खोचलेला, कपाळावर घाम, हातात लोखंडी बत्ता. पुढ्यात पाटा, पाट्यावर तेल लावलेला उडदाच्या पिठाचा गोळा. ती तो कुटत होती आणि कशावरून तरी हसत होती.

त्यांना पाहून ती उठायला लागली. पण त्यांनी तिला बोलूच दिलं नाही.

"माझी पेन्शन बंद पडली का गं? लोकांच्या दारात मजुरी करून राहिलीस?" मग बसम्माला म्हणाले, "आमच्या घरातल्या बायका असल्या कामाला जात नसतेत. परत बोलवू नका."

घरी आल्यावर त्यांनी फ्रिजवरचा तक्ता फाडला. खुणा खोट्या म्हणाले. चंद्रप्रभा म्हणाली, "खोट्या न्हाईत," आणि हात धुवायला गेली. त्यावर अजून काही बोलेल म्हणून ते थांबले होते.

त्यानंतर ती कुठे गेली नाही. उद्धवरावांनी धुण्याभांड्याला बाई लावली, हौदावर मोटार बसवली. "आता आराम कर," ते म्हणायचे. ती दुपारभर सोफ्यावर पडून टीव्ही बघायची. ते पाहून त्यांना बरं वाटायचं, हेच आता आठवलं की ते पुढ्यातलं ताट बाजूला सारत. श्रावणात ती न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण अंथरूण सुटलं नाही. छातीत कफ साठत गेला. दसऱ्याच्या आठ दिवस आधी ती गेली.

डॉक्टर म्हणाले होते, असं कुणाचंही होऊ शकतं. मुग्धाही तेच म्हणायची. कुटत राहिली असती तर पडलीच नसती, असं कुणी म्हणालं नव्हतं. तनुजाही म्हणाली नाही. पण लातूरच्या घरी परतताना, नांदेड-लातूर बसमध्ये खिडकीशी बसून उद्धवराव लोहा, अहमदपूर मागे पडेपर्यंत तेवढंच म्हणत राहिले. मनातल्या मनात, एकाच चालीत.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बसम्माच्या फाटकाशी उभे राहिले. ओसरीवर चार बायका पोळपाट घेऊन बसल्या होत्या. अंगणात दोन बाजांवर धोतर पसरून पापड वाळत घातले होते. सगळ्यांत म्हाताऱ्या केवळाबाईला ते आधी दिसले. तिचं लाटणं थांबलं, मग बाकीच्यांचंही थांबलं.

"पापड पाहिजेत का, साहेब?" बसम्माने विचारलं.

"न्हाई. कुटायला आलो."

कुणी हसलं नाही.

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय," ते म्हणाले. "हातापायांत ताकद न्हाई राहिली. लोखंड उचलू वाटत न्हाई. कुटलं तर चालतंय म्हणल्या."

"मग घरीच कुटा की. तुमच्या घरातली माणसं लोकांच्या दारात कामाला जात नसतेत म्हणं."

उद्धवरावांनी फाटकाची कडी धरली होती. ती त्यांनी सोडली.

"म्हणलो होतो मी तसं."

"चार जणींत म्हणलात."

"म्हणून चार जणींतच सांगायला आलो. माझं चुकलं."

बसम्मा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पायानेच एक पोतं भिंतीकडे सरकवलं.

"चपला तिकडं काढा. हात धुवा. कोपरापर्यंत."

भिंतीला धरून ते खाली बसले. बसम्माने पाटा पुढ्यात ओढला, गोळ्याला तेलाचा हात लावला आणि बत्ता दिला. तो त्यांना वाटला त्यापेक्षा जड होता. त्यांनी कुटायला सुरुवात केली.

दहा-बारा ठोके झाल्यावर केवळाबाई म्हणाली, "फाइलीवर शिक्के मारून राहिलेत जणू. जोरात हाणा, साहेब. पीठ हाय ते, कुणी वरचा साहेब बोलवून दम देणार न्हाई."

या वेळी एक-दोघी हसल्या. उद्धवरावांनी जोर लावला. तिसाव्या ठोक्याला दंड थरथरू लागला. गोळा होता तसाच होता, टणक, कडेला चिरा गेलेला. ते थांबले, दम घेतला, परत कुटू लागले.

"ती किती कुटायची?" त्यांनी खाली बघूनच विचारलं.

"अक्का?" बसम्मा पोळपाटावर पीठ भुरभुरत म्हणाली. "पहिल्या दिवशी तुमच्यावानीच. महिन्यानं अर्धं पीठ एकट्या करायच्या. डॉक्टरनं वाकू नको म्हणलंय म्हणायच्या, म्हणून मी भिंतीशी बसवायची. आता तुम्ही बसलात तिथंच."

उद्धवरावांचा हात थांबला.

"पैसे घ्यायच्या न्हाईत," बसम्मा पुढे म्हणाली. "पापड दिले तर ते बी न्हाई. घरी कळंल म्हणायच्या."

"मला सांगितलं का न्हाई तिनं?"

बसम्माने पुढचा पापड लाटायला घेतला. केवळाबाईच म्हणाली, "सांग की बसम्मा. आता काय झाकायचं ऱ्हायलंय."

"आखितीला सांगणार हुत्या," बसम्मा म्हणाली. "त्यांना मांडी घालून खाली बसायला येईना झालं हुतं ना. तुमच्या घरी टेबलावर जेवता तुम्ही. आखितीला पाट मांडायचा, तुमच्या पंगतीला खाली बसून जेवायचं, अन् जेवण झालं की हात न टेकता उठायचं. तुम्हाला दाखवायचं हुतं. इथं रोज उठून बघायच्या. पडायच्या, हसायच्या, परत उठायच्या. पहिल्यांदा जमलं तवा केवळाबाईनं साखर वाटली. आम्हाला म्हणल्या, गल्लीत कुणी बोलू नका, त्यांना आधी कळू द्या."

गेल्या चैत्रात ते या फाटकाशी आले त्या दिवशी अक्षय्य तृतीयेला अकरा दिवस राहिले होते. उद्धवरावांनी मनात हिशेब केला, मग परत केला. अकराच. त्या अक्षय्य तृतीयेला ते दोघं टेबलाशीच जेवले होते. पुरणपोळी चांगली झाली होती. ती अर्धीच खाऊन उठली, टेबलाला हात टेकून, आणि त्यांनी मान वर करून पाहिलंही नव्हतं.

ते परत कुटू लागले. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. डोळ्यातलं पुसायला हात मोकळा नव्हता, तेलाचा होता, म्हणून त्यांनी ते तसंच वाहू दिलं.

बऱ्याच वेळाने बसम्माने बत्ता त्यांच्या हातातून काढून घेतला. "बास आजच्याला. उद्या हात उचलणार न्हाई तुमचा." उरलेलं पीठ तिने स्वतः कुटलं. वीस-पंचवीस ठोक्यांत ते लोण्यासारखं झालं.

आता उठायचं होतं. उद्धवरावांनी पाय जवळ घेतले, हात छातीशी नेले आणि जोर केला. बूड वीतभर उचललं आणि परत पोत्यावर आलं. पुन्हा केलं, तसंच झालं. कपाळावर घाम आला. चौघींची लाटणी थांबली होती.

"ऊन तापलंय गं," केवळाबाई एकदम म्हणाली. "पापड पालटा. चला, सगळ्याजणी."

चौघी उठल्या. बसम्माही उठली. सगळ्या अंगणात गेल्या आणि ओसरीकडे पाठ करून बाजांवर वाकल्या. नुकतेच घातलेले, अजून ओले असलेले पापड त्या एकेक करून पालटू लागल्या. मागे वळून कुणी बघितलं नाही.

उद्धवरावांनी दोन्ही तळवे जमिनीवर टेकले. आधी गुडघ्यांवर आले. मग भिंतीला धरून, एक पाय, मग दुसरा, असे उभे राहिले. सदरा सारखा केला. श्वास जागेवर आल्यावर ते खाकरले.

तेव्हा बायका परत आल्या.

"उद्या किती वाजता येऊ?"

"अक्का एकला यायच्या," बसम्मा म्हणाली आणि पिठावर ओलं फडकं झाकू लागली.